शाहीर हयात, गीत पारंपरिक

लोककथांच्या अभ्यासकाला एक व्याधी जडते. कोणी घरगुती गोष्ट सांगू लागले तरी तो आधी विचारतो, "हे तुम्ही कोणाकडून ऐकलेत?" सांगणारा बिचकतो, दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा तिसऱ्याकडे. अशा रीतीने एका गोष्टीच्या जागी तीन गोष्टी पदरात पडतात आणि घरात कपाट पुरत नाही.

पाटाच्या गाण्याची रेकॉर्ड निघाली त्या हकिकतीचेही माझ्याकडे तीन पाठ आहेत. श्रीरामपूरच्या पाठात भर समारंभात भांडण होऊन रेकॉर्ड फुटते. बेलापूरच्या पाठात तात्याबा शाहीर जिंकतात आणि गेणबा शाहीर त्यांच्या पाया पडतात. शेवगावकडच्या पाठानुसार असे काही घडलेच नाही. मात्र न घडलेल्या प्रसंगाचे सर्वांत तपशीलवार वर्णन तेथेच मिळते! चौथा पाठ माझा. मी जागेवर हजर होतो, आणि एवढ्या एका कारणामुळे माझा पाठ सर्वांत कमी रंजक समजला जातो.

*

गेणबा शाहीर मूळचे शेवगाव तालुक्यातले, पोटासाठी श्रीरामपूरला येऊन राहिलेले. एकोणीसशे सत्तरनंतरच्या त्या वर्षांत त्यांचा आवाज पार गेला होता. जत्रांतून वयाच्या चाळीशी-पन्नाशीपर्यंत डफावर गाऊन घशाचे मातेरे झालेले. बोलले तरी कोणी खडीवरून गाडी ओढतो आहे असे वाटे. पण त्यांचे एक गाणे जिल्हाभर चालत होते.

"पाट आला दारावरून, माझं रान कोरडं."

कालव्याचे पाणी मोठ्यांच्या उसाला जाते, लहानाच्या जोंधळ्याला जात नाही, एवढाच त्याचा आशय. शेवटची ओळ अशी: "गेणू म्हणे, पाण्याला बी वशिला लागतो!" शाहीर आपल्या रचनेच्या अखेरीस आपले नाव गुंफतो, अभ्यासक तिला नाममुद्रा म्हणतात. शाहिराची सारी मालमत्ता तेवढीच.

एकदा गेणबा एस.टी.ने शेवगावला निघाले होते. शेजारच्या बाकावरचा एक गडी हेच गाणे गुणगुणत होता आणि शेवटी कोणा भलत्याच शाहिराचे नाव घेत होता. गेणबांनी त्याला थांबवून खरी ओळ म्हणून दाखवली.

तो गडी म्हणाला, "बाबा, चुकतंय तुमचं. आमच्या आज्याच्या वक्ताचं गानं हाय. तुमी कुटनं ऐकलं?"

 नंतर गेणबा मला म्हणाले, "मी मेल्यावर खोडलं आसतं तर चाललं आसतं, सर. जित्तेपनी खोडत्यात!"

*

त्याच सुमारास एका साखर कारखान्याच्या संचालकांनी, ज्यांना सारे आण्णा म्हणत, एक रेकॉर्ड काढायचे ठरवले. उसाची पहिली मोळी वाहून गळीत हंगाम सुरू करतात, त्या मोळीपूजनाला ती वाजायची होती. कल्पना त्या काळाच्या मानाने धाडसी होती: गाणी गेणबांची, आवाज मात्र निरनिराळ्या कलावंतांचे, ज्याने त्याने आपल्या ढंगात गायचे. छोट्या तबकडीवर दोन्ही बाजू मिळून चार गाणी. समितीवर सल्लागार म्हणून मला घेतले, कारण माझ्याकडे टेपरेकॉर्डर होता.

गेणबांनी एकच अट घातली. "कसं बी म्हना, कुटल्या बी चालीत म्हना. फकस्त माझं नाव ऱ्हाऊ द्या. येकदा रेकॉर्डच्या तव्यावर गेलं की कुनाला खोडता येनार न्हाई."

मग ज्याला विचारावे तो पाटाचेच गाणे मागू लागला. गेणबांची दुसरी पन्नास गाणी होती, तिकडे कोणी ढुंकून पाहीना.

आण्णा हैराण झाले. "आवो, येकच गानं चार येळा? लोक म्हनतील सुई आडकली!"

मी त्यांना समजावले की एकाच रचनेचे चार पाठ शेजारी शेजारी ऐकायला मिळणे हे शास्त्रीयदृष्ट्या फार मोलाचे आहे. आण्णा म्हणाले, "बरं. काय झालं तर तुमचं नाव सांगू."

*

मुंबईहून ध्वनिमुद्रक देसाई यंत्र घेऊन आले. चर्चच्या शाळेचा हॉल मिळाला होता. पहिला मान सॅम्युएल मास्तरांचा. मास्तर रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवत आणि उरलेल्या आठवड्यात लग्नाचा बँड चालवत. त्यामुळे त्यांच्या वरातीला थोडे गांभीर्य आणि भक्तिगीतांना थोडा वेग असे. त्यांनी बारा जणांचा कोरस उभा केला. "रान कोरडं"चे "मन कोरडं" झाले, पाटाचे पाणी कृपेचे झाले, आणि चार सुरांत ते असे काही वर चढले की देसाईंनी डोळे मिटले.

शेवटची ओळ आली: "दास म्हणे, तारणाचा झरा लागतो."

गेणबा उठलेच. "मास्तर, माझं नाव?"

"शाहीर, प्रभूच्या घरात माणसाचं नाव कसं घ्यायचं?"

"मंग तुमी त्या भिंतीवर संगमरवरात कुनाची नावं कोरली?"

मास्तर मागे वळून पाहत राहिले. भिंतीवर हॉलसाठी देणगी देणाऱ्यांची पाटी होती. ते शांतपणे म्हणाले, "ते वेगळं. त्यांनी बाकडी दिलीत."

*

दुसऱ्या कौसल्याबाई. तमाशात नाव काढलेल्या, वयाने पन्नाशीच्या, पण हे त्यांना सांगायची कोणाची छाती नव्हती. त्यांनी पाटाचा पाव्हणा केला. तो रोज दारावरून जातो, आत येत नाही. मग रान कोरडे राहणार नाही तर काय! हॉलचा चौकीदार खिडकीबाहेर येऊन उभा राहिला. सॅम्युएल मास्तर खिडकी लावायला म्हणून गेले आणि तिथेच थांबले.

अखेरीस बाईंनी ठसक्यात म्हटले, "कौसा म्हणे, पाव्हण्याला डोळा लागतो!"

गेणबा पुन्हा उठले. बाईंनी त्यांना बोलूच दिले नाही.

"शाहीर, गानारी मी. नटनारी मी. आन् शेवटाला 'गेणू म्हणे' म्हनू? लोक इचारतील, बाई, त्यो मिशीवाला कुटं दडवलाय?"

एवढ्यात साखरेच्या वाघिणी ओढणाऱ्या इंजिनाने शिट्टी दिली. ती टेपवर उतरली. देसाई म्हणाले, "रिटेक घ्यावा लागेल." बाईंनी तोंडात पान घातले. "कशापायी? शिट्टी बराबर समेवर आली! आमच्या ढोलकीवाल्याला वीस वर्सांत जमलं न्हाई त्ये!"

ती शिट्टी रेकॉर्डवर आजही आहे. मी तिची नोंद "अज्ञात साथीदार" अशी केली आहे.

*

मात्र पुढच्या शिट्ट्या समेवर येईनात. देसाईंनी सांगितले, "शांत जागा द्या, नाहीतर मी जातो." तेव्हा पंचक्रोशीत सर्वांत जाड भिंतीची खोली कोठे आहे याचा शोध सुरू झाला आणि ती बेलापूरला प्रवरेच्या अंगाला निघाली. हात-हात रुंद मातीच्या भिंती, पूर्वी गुळाच्या ढेपा ठेवायची. अडचण एकच होती. खोली तात्याबा शाहिरांची होती.

हे येथे सांगितले पाहिजे की शाहिरांत कलगीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष. जत्रेत एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने जबाब द्यायचा. गेणबा कलगीचे, तात्याबा तुऱ्याचे. एका जत्रेत तात्याबांनी असा जबाब दिला की गेणबांच्या पाठीमागे सूर धरणारा त्यांचाच झीलकरी फिस्सकन हसला. गेणबांनी झीलकऱ्याला माफ केले. तात्याबांशी बोलणे सोडले, ते कायमचे.

आण्णा खोली मागायला गेले. सोबत मी आणि देसाई.

तात्याबा म्हणाले, "घ्या की. भाडं नगं. येक गानं म्हनू द्या."

आण्णा चाचरत म्हणाले, "पर गानी समदी गेणबाचीच घ्यायचीत."

"त्याचंच म्हनतो. माझं हाय कुटं म्हनलं मी?"

आम्हाला वाटले गेणबा रेकॉर्डच बंद पाडतील. त्यांनी डफाच्या कडीवर बोट फिरवले. मग म्हणाले, "म्हनू द्या. बेसूर हाय त्यो. आता साऱ्या जिल्ह्याला कळंल. पर मी ऐकनार न्हाई."

*

तिसरे गाणे त्या गुळाच्या खोलीत गायले गेले, ते प्राथमिक शाळेच्या गुरुजींनी. गुरुजींचा आवाज गोड आणि स्वभाव त्याहून गोड. आण्णांच्या शाळासमितीत त्यांची बदली अडकली होती. त्यांच्या पाठात रान कोरडे नव्हतेच. "पाट आला दारावरून, माझं रान हिरवं!" आणि शेवट: "आण्णा म्हणे, पाण्याचे नियोजन लागते."

स्वतः आण्णाही लाजले. "गुरुजी, मी आसं कंदी म्हनलं?"

"म्हणाल, आण्णा," गुरुजी म्हणाले.

या वेळी गेणबा उठले नाहीत. त्यांनी घोगऱ्या आवाजात मला एवढेच विचारले, "सर, गानं माझंच हाय का त्ये बगा येकदा." मग तात्याबा खोलीत शिरताना दिसले, तसे ते डफ काखेत मारून नदीकडे चालू लागले.

चौथे गाणे त्यांनी ऐकले नाही. आम्ही ऐकले. ते संपल्यावर देसाईंनी माझ्याकडे पाहिले, मी आण्णांकडे पाहिले, आणि गुरुजींना अकारण खोकला आला.

"ह्ये ठिवायचं?" आण्णांनी हळूच विचारले.

देसाई टेप गुंडाळत म्हणाले, "चौघांत सर्वांत स्वच्छ रेकॉर्डिंग हेच आहे."

*

आता उरली आशा लेबलाची. गाण्यात नाही तर नाही, तबकडीवर छापून तरी येईल, असे मी गेणबांना म्हटले होते. मोळीपूजनाच्या आदल्या दिवशी रेकॉर्डचे खोके आले. आण्णांनी पहिली रेकॉर्ड काढून गेणबांच्या हातात दिली. त्यांना वाचता येत नसे. त्यांनी ती मला दिली.

लेबलावर गाणाऱ्यांची नावे होती. त्याखाली, चारही गाण्यांना मिळून, एकच शब्द: पारंपरिक.

आण्णांनी मुंबईला ट्रंककॉल लावला. कंपनीचा खुलासा असा की लोकगीतांना हाच शब्द छापायचा त्यांचा प्रघात आहे, आणि तक्रार आजवर एकाही कर्त्याने केलेली नाही!

"पारंपरिक म्हंजी काय, सर?" गेणबांनी विचारले.

माझा अर्धा जन्म त्या शब्दाची व्याख्या करण्यात गेला आहे. मी म्हणालो, "ज्याचा कर्ता ठाऊक नाही, असे."

गेणबांनी रेकॉर्ड परत घेतली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि विचारले, "मंग ह्ये तुमच्यासमोर कोन बसलंय?"

*

मोळीपूजनाला गेणबा येणार नाहीत असे सर्वांनी धरले होते. ते सकाळीच आले, पहिल्या रांगेत बसले आणि शेजारच्या खुर्चीवर डफ ठेवला. तात्याबांनाही खोलीचे मालक म्हणून निमंत्रण होते. ते मांडवाच्या खांबाला टेकून मागे उभे राहिले. उसाच्या गाड्या रांगेने लागलेल्या, मंडळी जमलेली, चारी खांबांवर लाऊडस्पीकर.

देसाईंनी रेकॉर्ड लावली. दासाचे तारण झाले; मंडळींनी माना डोलावल्या. कौसल्याबाईंच्या पाव्हण्याला शिट्ट्या मिळाल्या, इंजिनाची धरून. बाजू पालटली. आण्णांच्या नियोजनाला पहिल्या तीन रांगांनी टाळ्या दिल्या. गेणबा समोर पाहत होते. चेहरा असा की टपालाची वाट पाहत बसले आहेत.

मग तात्याबांचा आवाज आला. गेणबांनी सांगितले होते तितका तो बेसूर नव्हता. त्यांनी गाणे गेणबांच्या मूळ चालीत, मूळ शब्दांत, एक अक्षर न बदलता शेवटपर्यंत म्हटले. कोरडे रान कोरडेच राहिले. आणि शेवटाला वशिल्याच्या ओळीच्या जागी डफावर थाप मारून आपला जबाब घातला:

"पाटानं काय करावं, गेणू निजला बांधावर,
ऊठ गेणू, ऊठ गेणू, पाणी गेलं गावभर,
घोरतोया गेणू शाहीर शेवगावचा बहाद्दर,
गेणूला उठवायला पाटकरी लागतो!"

मांडवात हसण्याची लाट उसळली. गाडीवाले हसले, पाटाचे पाणी सोडणारे पाटकरी हसले, आण्णांनी उपरण्यात तोंड लपवले. पाठोपाठ सारे पहिल्या रांगेकडे बघू लागले. सुई कडेला जाऊन खरखरत होती.

गेणबा उठले. मंडळी दोन्ही बाजूंनी सरकली. ते सरळ यंत्रापाशी गेले.

"देसाईसायब, परत लावा."

"पहिल्यापासून?"

"न्हाई. ह्येच."

मागून तात्याबा धावत आले.  इतक्या वर्षांत ते प्रथमच गेणबांशी बोलले. "आरं गेणबा, चेष्टा हुती ती! आख्ख्या जिल्ह्यात वाजंल आता. नगं लावू!"

"गप, तात्या," गेणबा म्हणाले. "नाव ऐकू दे."

ते आपल्या जागी येऊन बसले. शेजारच्या खुर्चीवरचा डफ उचलून त्यांनी मांडीवर घेतला. तात्याबा त्या खुर्चीत बसले. देसाईंनी सुई उचलली आणि चौथ्या गाण्याच्या सुरुवातीला ठेवली.