महालक्ष्मीच्या मागं अडकलेला तक्ता

सकाळचे दहा वाजून सतरा मिनिटं झाली होती. वेळ इतकी पक्की ध्यानात राहिली, कारण पुरणाच्या डाळीला किती वेळ झाला म्हणून मी घड्याळाकडं बघायला आणि आतून आमच्या ह्यांची आरोळी यायला एकच गाठ पडली.

"अगं, तक्ता गायब झालाय!"

कसं सांगू बायांनो, माझीच मला लाज वाटते. पण सांगितल्याबिगर पोटात राहायचं न्हाई.

आमचे हे पुण्याच्या कंपनीत कामाला. कुठल्या गोदामात कुठल्या मालाची किती पोती हायत, ते बघायचं काम. कॉम्प्युटर पुण्याच्या ऑफिसात, आणि हे पेडगावात बसून लॅपटॉपवरून तो चालवतात. बैल पुण्यात, कासरा इथं! साहेबांनी महिनाभराची सवलत दिली होती. गावाकडून काम नीट झालं तर राहा, न्हाई तर परत या. परत म्हणजे ती एकच खोली. तिथं आमच्या दीड वर्षाच्या चिमीला रोज सर्दी. रात्रभर मी तिच्या नाकापाशी कान लावून बसायची. इथं आल्यापासून पोरगी एकदा शिंकली न्हाई. (शिंकली, दोनदा. पण ते मिरचीच्या फोडणीनं.)

महिना त्याच दिवशी संपत होता आणि अकरा वाजता साहेब पोत्यांच्या हिशोबाचा तक्ता बघणार होते. नेमका दिवस कोणता? महालक्ष्म्यांच्या जेवणाचा!

ह्यांच्या टेबलावर लॅपटॉपच्या शेजारी एक मोठी स्क्रीन असते. आदल्या दिवशी हे केळीची पानं आणायला परभणीला गेले होते. मी आरास करत होते. ती काळी चकचकीत स्क्रीन दिसली आणि वाटलं, ही देवीच्या मागं ठेवली तर एका समईच्या दोन दिसतील. ठेवली. खरंच दोन दिसायला लागल्या! मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, पहिल्यांदाच म्हणाल्या, "सूनबाई, डोकं हाय बरं तुला."

हेही काही बोलले न्हाईत. "राहू दे, दोन दिवस लॅपटॉपवर भागवतो."

आणि आता हे कपाळाला हात लावून बसलेले. "खाली पट्टीवर दिसायलाय, दाबलं की उघडायलाय, पण समोर येईना! अगं, तो त्या मोठ्या स्क्रीनवर उघडायलाय!"

मला वाटलं, ह्यांचं महिनाभराचं काम त्या स्क्रीनमध्येच भरून ठेवलेलं होतं आणि मी ते उचलून देवीला वाहिलं!

"मामी, ह्यांची नोकरी देवीच्या मागं राहिली! स्क्रीन काढू का?"

"काढू का? लक्ष्म्या बसल्यावर तसूभर हलवत न्हाईत! मुकुटाला धक्का लागला मंजी?"

"आई, माझी नोकरी जायलीय!" हे ओरडले.

"मग तू ये देवीकडं. देवी तुझ्याकडं यायची न्हाई."

लॅपटॉप आला, वायर आली. हे बसणार, तेवढ्यात मामी आडव्या. "पॅन्टवर? देवीसमोर? सोवळं नेस आधी!"

अकराला पाच कमी होते. हे सोवळं नेसून, उघड्या अंगावर उपरणं टाकून मांडी घालून बसले. मी वायर जोडली आणि काय सांगू, थोरली आणि धाकटी, दोघींच्या मधल्या फटीतून तक्ता उजळला! मामींनी हात जोडले. मीबी जोडले.

पण फट होती चार बोटांची. तक्ता धरून ओढायची वरची पट्टी थोरलीच्या मुकुटामागं. हे माऊसनं ओढायला जायचे, की माऊसचा बाण मुकुटामागं जाऊन हरवायचा. तेवढ्यात लॅपटॉपमधून साहेबांचा आवाज, "हां, सांगा आकडे."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी चिमीला मामींच्या कडेवर दिलं आणि आरास न हलवता भिंतीकडून सरपटत देवी आणि स्क्रीनच्या मधे शिरले. नाक स्क्रीनला टेकलेलं, पदर तोंडात धरलेला, तो सोडला आणि वाचायला लागले.

"सो... सोयाबीन... बे... बेचाळीस पोती!"

आणि त्याच घटकेला शेजारच्या कौसाकाकू ओटीचं ताट घेऊन दारात! त्यांना काय दिसलं? आमचे हे सोवळ्यात, गप, देवीपुढं बसलेले. आणि देवीच्या पोटातून आवाज, "सोयाबीन बेचाळीस पोती!"

काकूंनी ताट ठेवलं आणि धाडदिशी लोटांगण घातलं. "बोललीस गं माय! आमच्या दोन एकरांत बेचाळीस पोती!"

"अहो, तुमच्या मागं कुणी पडलं का?" साहेब घाबरले. "आणि हे वाचतंय कोण?"

ह्यांनी मान खाली घालून सगळं खरं सांगितलं. मी देवीच्या मागं डोळे मिटून घेतले. गेलं पेडगाव, आली ती खोली!

साहेब किती तरी वेळ खोकत होते. हसू दाबत होते, हे मला नंतर कळलं. मग म्हणाले, "अहो, खालच्या पट्टीवर तक्त्याचं चित्र आहे ना? शिफ्ट दाबून धरा आणि त्यावर माऊसचं उजवं बटण दाबा. 'मूव्ह' निवडा. आता कीबोर्डवरचं बाणाचं एक बटण दाबा आणि नुसता माऊस हलवा."

ह्यांनी केलं. तक्ता माऊसला चिकटून, शहाण्या वासरासारखा लॅपटॉपवर आला! मुळात ना वायर लागत होती, ना सोवळं!

"काम चोख आहे," साहेब म्हणाले. "राहा गावाकडंच. आणि वाचणाऱ्या बाईंना बाहेर यायला सांगा."

संध्याकाळी मी काकूंकडं जाऊन कबूल केलं, "काकू, ती देवी न्हाई, मी होते."

काकू म्हणाल्या, "वाटलंच मला. देवी कशाला अशी अडखळत वाचंल?"

पण तवर बातमी पार झरी गावात पोचली होती. दुसऱ्या दिवशी तिथल्या दोन बाया आल्या. "आमच्या तुरीचं काय म्हणती, तेवढं विचारा की!"

म्हणून हात जोडून सांगते. कुणाचा तक्ता असा स्क्रीनबाहेर हरवला तर शिफ्ट, उजवं बटण, मूव्ह, बाण, एवढं चार जणांना सांगा. आणि झरीकडं कुणी जाणार असंल तर तिथं हेबी आवर्जून सांगा, की पेडगावची बोलणारी महालक्ष्मी फक्त सातवी पास हाय.