आधी भाकरी, मग सांगावा

लिहायला शिकवता येतं असं म्हणणारा माणूस मी एकदा आठवडाभर जवळून पाहिला आहे. त्यानंतर तसल्या माणसाच्या सावलीलाही उभा राहिलो नाही.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. मी नांदेडला शिपाई होतो, तिथून उचलून मला लातूरला आणून टाकलं. नवा जिल्हा म्हणजे काय, तर जुन्याच इमारतींवर नव्या पाट्या. आमचं ऑफिस एका भाड्याच्या घरात होतं. साहेब माजघरात बसायचे आणि फायली न्हाणीघरात. न्हाणीघर तसंही कोरडंच होतं. पावसानं पाठ फिरवली होती, नळाला पाणी कधी येईल ते नळालाही ठाऊक नसायचं, आणि टँकर आला की शाळा सुटल्यागत माणसं पळायची.

अशात कोणाच्या तरी डोक्यातून निघालं की नव्या जिल्ह्याला नवे लेखक पाहिजेत. म्हणून नवलेखकांचं शिबिर. पाणी नसलं तर नसलं, लेखक पाहिजेत! सगळ्या ऑफिसांना पत्रं गेली की आवड असणारा माणूस पाठवा. आमच्याकडं आवड कोणालाच नव्हती. साहेब म्हणाले, "तू जा रे. नाहीतरी दिवसभर बोलतच असतोस."

मी 'हाव' म्हणालो, म्हणजे आमच्याकडचं हो. साहेबांना वाटलं, हुकूम मानला. कोणी पाठवलं म्हणून मी कुठं जात नसतो. माझा बाप आदल्या उन्हाळ्यात गेला होता, आणि त्या पत्राच्या तळाला लिहिलं होतं की शिबिरातलं निवडक लेखन जिल्ह्याच्या पहिल्या स्मरणिकेत छापलं जाईल. बापाचं नाव आयुष्यात छापून आलं ते फक्त मतदारयादीत, आणि तेही चुकीचं. मला बापावर दोन पानं छापून पाहिजे होती, आणि त्या पानांत बाप होता तसाच पाहिजे होता. एवढ्याचसाठी मी गेलो. बाकीचं त्यांनी आपल्यापाशी ठेवावं.

माझं शिक्षण तिसरी, तेही निजामाच्या अमलातलं. शिबिरात बाकीचे सगळे शिकलेले. कोणी मास्तर, कोणी वकिलाचा पोरगा, एक बाई चंद्रावर कविता करायच्या. माझ्याशेजारी एक मुसलमान टेलर बसायचा. तो गजला लिहायचा, आणि गल्लीत ऐकायला कोणी उरलं नाही म्हणून इथं आला होता. आख्ख्या हॉलात अक्कल असलेला तेवढा एकच.

शिकवणारे सर पुण्याकडचे. खादीचा झब्बा, गळ्यात शबनम पिशवी. पहिल्या दिवशी आल्या आल्या त्यांनी विचारलं, आंघोळीला गरम पाणी कुठं मिळेल? सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मग फळ्यावर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'वेदना.' म्हणाले, "लेखनाचा जन्म वेदनेतून होतो. आपापली वेदना शोधा." टेलर माझ्या कानाशी आला, "भाऊ, मेरी तो दाढ दुखतीय. चलेगी क्या?"

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यांना जीपमध्ये कोंबून गावाबाहेरच्या आटलेल्या तळ्यावर नेलं. दुष्काळ बघा आणि लिहा. अरे, दुष्काळ बघायला जीप कशाला? सकाळी जो घागर घेऊन टँकरमागं पळाला त्यालाच दुपारी दुष्काळ दाखवायला नेता? सगळे तळ्याच्या भेगांभोवती उकिडवे बसले आणि वहीत बघून राहिले. मी बाभळीखाली तंबाखू मळत बसलो.

"मामा, तुम्ही लिहीत नाही?" सर म्हणाले.

"बघून राहिलो."

"काय दिसतंय?"

"मानसं दिसून राहिली. भेगा बघनारी."

सरांना ते आवडलं नाही. संध्याकाळी एकेकानं वाचून दाखवलं. पहिल्यानं लिहिलं होतं, जमिनीच्या भेगा म्हणजे माझ्या आईच्या टाचेच्या भेगा. सरांनी डोळे मिटले. दुसऱ्यानंही तेच, तिसऱ्याच्या आईचंही तेच. टेलरला राहवेना. "क्या मियाँ, सब की अम्मा की एड़ी एकच है क्या?" मी असा हसलो की तंबाखू नाकात गेली. सर म्हणाले, इथं गांभीर्य पाहिजे.

तिसऱ्या दिवसापासून प्रत्येकानं आपला लेख लिहायचा होता. मी बाप लिहायला घेतला. रात्री बायको म्हणायची, "मामंजीवर काय लिहिनार तुमी? तुमाला सही करायला घटकाभर लागती." लागते तर लागते. मी लिहिलं. काय लिहिलं ते इथं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

आमचं गाव लोह्याकडचं. बौद्ध व्हायच्या आधी गावकीची कामं आमच्याकडं होती, आणि त्यातलं एक म्हणजे मयताचा सांगावा. मोठ्या घरी कोणी गेलं की सोयऱ्यांच्या गावाला बातमी घेऊन माझ्या बापानं चालत जायचं. ऊन असो, चिखल असो. आता त्यातली गोम अशी की बातमी सांगितली रे सांगितली की त्या घरात रडारड सुरू व्हायची, चूल थंड पडायची, आणि ज्यानं बातमी आणली त्याला कोणी विचारायचं नाही. आला तसा उपाशी परत. तरणेपणी बाप असा दोन-तीनदा उपाशी परतला, आणि मग शहाणा झाला. तो दाराबाहेर उभा राहून आधी भाकरी मागायचा. बसून निवांत खायचा, पाणी प्यायचा, तोंड पुसायचा, आणि मग उभा राहून सांगायचा, "आईसाब गेल्या."

हळूहळू आसपासच्या गावांना हे कळून चुकलं. बाप आला आणि सरळ बोलायला लागला, तर लग्न किंवा बारसं. पण आल्या आल्या भाकरी मागितली की बाया तव्यावरची भाकरी तव्यावरच टाकून ऊर बडवायला लागायच्या. "कोन गेलं गं बाई?" बाप म्हणायचा, "आदी खाऊ तर द्या." एका गावात तर त्याला खरंच नुसती भूक लागली होती. दुसऱ्याच कामानं निघाला होता, वाटेत ओळखीचं घर दिसलं म्हणून भाकरी मागितली. आख्खं घर रडून मोकळं झालं, शेजारपाजार गोळा झाला, आणि बाप सांगतोय की अहो कोणी मेलं नाही, मी उपाशी आहे. कोणी ऐकेचना.

मग आम्ही बौद्ध झालो. गावकी सोडली. थोड्या दिवसांत पाटलाची म्हातारी गेली. तिच्या माहेरची माणसं बिलोलीकडं. पाटलाचा पुतण्या आमच्या वस्तीत आला. बाप दारात बाज विणत बसला होता.

"चल, बिलोलीकडं सांगावा न्यायचाय."

बाप बसल्या जागेवरून म्हणाला, "सरकारनं टपाल काढलंय. कार्ड टाका."

"कार्ड पोचंस्तोवर मयत ठिवायचं व्हय?"

"मंग तुमच्यातला येखादा घोड्यावर बशिवा. आन् जाताना त्याला सांगा, बाबा, आदी भाकर खाऊन घी, मंगच बोल."

आणि बाप हसला. बाजेवर हात मारून मारून हसला. पुतण्या निघून गेला तरी हसतच होता. आई आतून म्हणाली, "येड लागलं का?" तर तिलाही तो भाकरीचंच सांगायला लागला आणि सांगता सांगता पुन्हा हसला.

पुढं जे व्हायचं ते झालं. खळ्यावरचं धान्य बंद, कामं बंद, आणि आम्ही नांदेडला आलो. बाप कापसाच्या जिनिंगमध्ये लागला. तेही मी लिहिलं, पण एका ओळीत. ज्यांनी ते केलं त्यांना मी एका ओळीपेक्षा जास्त जागा कशाला देऊ?

सरांनी लेख वाचला आणि मला वर्गाबाहेर घेऊन गेले. खांद्यावर हात ठेवला. मला खांद्यावर हात ठेवणारी माणसं आवडत नाहीत. "मामा, सोनं आहे हे. थोडे संस्कार करावे लागतील."

"काय करनार?"

"ते माझ्यावर सोडा."

सोडलं. निवडीत माझा लेख आला, सरांनी समारोपाच्या आदल्या दिवशी नावं वाचली. बाकीचे टाळ्या वाजवून राहिले. टेलरची गजल राहिली. तो म्हणाला, "चलो, एक तो लगा." सरांनी माझ्या हातात टाइप केलेले कागद दिले. उद्या हेच वाचायचं म्हणाले.

मी खोलीवर नेऊन बायकोपुढं वाचायला बसलो. अक्षर टाइपचं, चांगलं सुटं सुटं. त्यात एक म्हातारा होता. तो थरथर कापत होता. भुकेनं व्याकूळ होऊन परक्या दारात भाकरीचा तुकडा मागत होता. पाटलाचा पुतण्या आल्यावर त्यानं हात जोडले, पाय धरले, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि तो म्हणाला, "माझ्यानं होत नाही हो मालक." माझा बाप तेव्हा चाळिशीतला, बाज विणत होता, आणि त्याचे दंड असे होते की पुतण्या चार हात लांब उभा होता.

बायकोनं मधेच विचारलं, "कोन हो हे म्हातारं?"

"तुझे मामंजी."

"ह्ये?" ती म्हणाली. "ह्यानी कवा कुनाचे पाय धरले?"

सकाळी मी शिबिराकडं गेलो नाही. छापखाना बाजारातल्या गोलाईच्या मागच्या गल्लीत होता, तिकडं गेलो. खिळे जुळवणारा माणूस पानं बांधून राहिला होता. मी म्हणालो, माझा लेख दाखव. त्यानं दाखवला. शिशाच्या खिळ्यांत उलटी अक्षरं, त्यात बापाचं नाव उलटं. उलटं होतं, पण बरोबर होतं. मात्रा-वेलांटी जिथल्या तिथं. ते मी दोनदा वाचलं, हे नाकारत नाही.

मी मालकाला म्हणालो, "हे काढा."

"तुम्ही कोन?"

"ह्याच्यात ज्याला रडवलंय त्याचा पोरगा."

"साहित्य आमच्याकडं कमिटीकडून आलंय. कमिटी सांगंल तर काढू."

मी छापखान्याच्या पायरीवर बसलो. आल्या-गेल्या गिऱ्हाइकाला मला ओलांडून जावं लागत होतं. मालक आधी काका म्हणाला, मग ओ म्हणाला, मग ए म्हणाला. शेवटी त्यानं माणूस पाठवून सरांना बोलावलं. सर समारोपाचा झब्बा घालून आले, परीटघडीचा. पाणी मिळालं होतं म्हणायचं.

"मामा, अहो मी तुमच्या वडिलांना मोठं केलंय."

"तो मोठाच व्हता. तुमी त्याला वाकवलंय."

"इतका अन्याय सोसलेला माणूस हसतो, हे वाचकाला पटणार नाही. खोटं वाटेल."

"वाटू द्या वाचकाला खोटं. माज्या बापाला काय त्याचं?"

सर माझ्या शेजारी पायरीवर बसले. झब्बा सावरून बसले. आवाज उतरवून म्हणाले, "हे बघा, पान बांधून झालंय. वडिलांचं नाव छापून येतंय, पहिल्या स्मरणिकेत. मी एक करतो. शेवटी एक वाक्य घालतो. 'आणि तो कडवट हसला.' बाकी तसंच राहू द्या."

मी आत पाहिलं. ते पान टेबलावर होतं. हो म्हटलं असतं तर दुपारी छापलं असतं, आणि आईला नेऊन दाखवता आलं असतं. आई तेव्हा होती. तिला वाचता येत नव्हतं. नावावर बोट ठेवून मी म्हणालो असतो, हे बघ.

"कडवट न्हाई हसला," मी म्हणालो. "त्याला मज्जा आली व्हती."

"मामा, हे साहित्य आहे."

"असंल. मंग त्याच्यात माजा बाप नको."

सर उठले, मालकाला म्हणाले, काढून टाका. जाताना मला म्हणाले, "तुम्हाला लेखक व्हायचंच नव्हतं." खरं बोलले. आठवडाभरात तेवढं एकच.

खिळेवाल्यानं दोरी सोडली आणि ओळी एकेक करून मोडल्या. मी सगळ्या मोडेपर्यंत थांबलो. बापाचं नावही गेलं, खिळ्यांच्या पेटीतल्या खणाखणांत. समारोपाला गेलो नाही, म्हणून प्रमाणपत्र मिळालं नाही. टेलरला मिळालं. त्यानं ते दुकानात लावलं, मापं घ्यायच्या आरशाशेजारी. माझं विचारलं तर म्हणायचा, "भाऊ को नै दिये. भाऊ पास हो गए."

पुढं स्मरणिका ऑफिसात आली. साहेबांनी चाळली, पुन्हा चाळली. माझ्या लेखाच्या जागी एका अडत दुकानाची जाहिरात होती. नव्या जिल्ह्यास हार्दिक शुभेच्छा, आणि खाली तुरीच्या पोत्याचं चित्र.

"तुझं काहीच आलं नाही रे," साहेब म्हणाले. "आठवडाभर फुकट सोडलं तुला."

"हाव साहेब," मी म्हणालो, आणि ते पान एकदा नीट बघून घेतलं. पोतं चांगलं टम्म भरलेलं होतं, कोणाच्या पाया पडत नव्हतं. मग चहा आणायला गेलो.