बेक्तुरची उष्टी रोटी

घाटात हिमकडा कोसळणार असेल तर ट्रकवाल्यांना इशारा देणारा संगणक आमच्या नाक्यावर सादिरकुल सांभाळायचा. त्या सकाळी त्याने लिनक्सची नवी आवृत्ती चढवली आणि जुनी काढून टाकली. मशीन चालू होताना लिनक्सला उठवणारा बूटलोडर तेवढा बदलायचा राहिला होता.

इतक्यात त्याचा धाकटा भाऊ बेक्तुर दारात आला. बाहेर त्याचा ट्रक घाटाकडे तोंड करून उभा होता. आमच्यात निघणारा माणूस रोटीचा एक घास तोडतो आणि उरलेली परत आल्यावर खातो. ती घरच्याने त्याच्या हातून घ्यायची असते.

"दादा, ऊठ, रोटी धर!"

"थांब की रे जरा!"

"तुझा तो संगणकाचा डबा काय पळून चाललाय?"

सादिरकुल उठला. भावाला फाटकापर्यंत सोडून आला, तोवर वीज जाऊन आली होती. पडदा काळाठिक्कर! बूटलोडर काढून टाकलेलं लिनक्सच शोधत बसला होता.

दुपारी मशीन उठलं, आणि अडकलेला सकाळचा इशारा झळकला: घाट बंद करा.

लोक म्हणतात, दोष विजेचा. म्हणणाऱ्यांचं काय जातं? ती रोटी अजून सादिरकुलच्या टेबलावर आहे, एकाच बाजूने चावलेली.