केळीचा चीक
कच्ची केळी सोलताना बोटांना चीक लागला, की मला शाळेची रोबोट स्पर्धा आठवते. तेव्हा असोद्याला आमच्या बागेत केळीची कापणी चालू होती आणि चिकाने माझे हात काळे पडले होते. घासूनही डाग जात नव्हते. त्याच हातांनी मी रोबोटच्या सगळ्या तारा जोडल्या. जळगावला स्पर्धेत परीक्षक जवळ येताच आमच्या मॅडम पुटपुटल्या, "तू मागे हो. हात पाठीशी धर, घाणेरडे दिसतात." माझ्या जोडीची, स्वच्छ हातांची मैत्रीण पुढे झाली. रोबोट निघाला आणि मध्येच थांबला. तार निसटली होती. "ये ना वं, तुलाच येतं ते!" मैत्रीण ओरडली. मॅडमही माझ्याकडे बघू लागल्या. मी हात पाठीशीच ठेवले, सांगितल्याप्रमाणे. आम्ही हरलो. चीक चिकटू नये म्हणून केळी सोलण्याआधी हातांना तेल लावावं म्हणतात. मी लावत नाही.