चिनी डॉक्टरांची कबर

चिनी डॉक्टरांची बहीण घाटनांदूर स्टेशनवर उतरली तेव्हा तिच्या पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं खुरपं डोकावत होतं. कलकत्त्याहून इतक्या लांब कुणी खुरपं घेऊन येतं का? मला वाटलं, म्हातारी बाई आहे, भाऊ गेल्याच्या धक्क्यानं जरा भ्रमिष्ट झाली असेल. तिला घ्यायला मी आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, गेलो होतो. तिनं अण्णांना हात जोडले आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, "उसको कहाँ सुलाया?"

भावाची कबर बघायची, तिच्यावरचं गवत काढायचं, फुलं ठेवायची, एवढ्यासाठी ती आली होती. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. कबर नव्हतीच. डॉक्टरांना आम्ही जाळलं होतं.

आता हे कसं झालं ते सांगायचं तर डॉक्टरांबद्दल सांगायला हवं. ते पदवीवाले डॉक्टर नव्हते. कवळ्या बनवायचे. बाप-आजाचा तोच धंदा, आणि आमच्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात त्यांच्याच हातचे दात. ऐन तारुण्यात ते एक पेटी घेऊन या स्टेशनवर उतरले आणि बाजारपेठेत खोली शोधत हिंडले. चीनशी झालेली लढाई लोक विसरले नव्हते. हा हेर असेल, हा साप खात असेल, नाना शंका. कुणी दार उघडेना. शेवटी आमच्या बौद्धवाड्यात अण्णांनी त्यांना आमची रस्त्याकडची खोली दिली. आजोबा जिवंत होते. ते म्हणाले, "चीनचा हाय म्हंजी बुद्धाचा हाय. आपलाच माणूस." झालं. आजोबांनी शिक्का मारला तो मारला, पुढं कुणी पुसला नाही.

आणि डॉक्टरांचं वागणंही असं, की शंका यायला जागा नव्हती. जेवायच्या आधी ते डोळे मिटून घटकाभर गप्प बसायचे, तेव्हा आई आम्हाला दटावायची, "गप ऱ्हावा, ध्यान करायलेत." घरात देव नाही, गंडादोरा नाही, अंगारा नाही. संध्याकाळी कधी कधी एक मेणबत्ती. भिंतीवर काळ्या शाईत लिहिलेली चार मोठी चिनी अक्षरं. अण्णा त्यांच्याकडे गेले की आधी त्या अक्षरांना हात जोडायचे, मग खुर्चीवर बसायचे. बुद्धपौर्णिमेला विहारात डॉक्टरांना पहिल्या रांगेत बसवत. ते यायचे, खिरीची वाटी घ्यायचे, गालातल्या गालात हसायचे. गल्लीला त्यांचा केवढा अभिमान! दुसऱ्या वाड्यातला कुणी काही बोलला की आमची पोरं म्हणायची, आमच्याकडं खुद्द चीनचा माणूस हाय.

लग्न त्यांनी केलं नाही. बोलायचे मात्र अस्सल आमच्यासारखं. दाताचं माप देताना कुणी तोंड उघडायला लाजला की, "कावून लाजतो बे, आ कर मोठा, तुझ्या तोंडातलं सोनं न्हाई चोरत मी." लोक हसायचे आणि त्या हसण्यात तोंड उघडायचं, तेवढ्यात मेण आत. मला ते फार आवडायचे. माझ्या लग्नात माझ्या वडिलांहून जास्त रडले, आणि सासरची माणसं टकामका बघत राहिली.

ते गेले मे महिन्यात, रविवारी सकाळी. खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. मी सासरहून, केजहून, येईपर्यंत दहा वाजले होते. अंगाची लाही होत होती, वीज गेलेली, बर्फाची लादी अंबाजोगाईहून आणायची म्हटली तर कोण जाणार. त्यांच्या मोबाइलवर कलकत्त्याचा एक नंबर होता, तो आम्ही पुन्हा पुन्हा लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. ती बाई त्या वेळी चर्चमध्ये बसली होती आणि फोन पर्समध्ये मुका करून ठेवला होता. हे आम्हाला नंतर कळलं.

अण्णांनी सगळं स्वतः केलं. अंघोळ घातली, पांढरं धोतर नेसवलं, पांढरं कापड घातलं. सगळा वाडा जमला. त्रिशरण, पंचशील झालं. आमच्यात जितक्या मानानं एखाद्याला नेता येतं, तितक्या मानानं नेलं. अग्नी अण्णांनी दिला. दुपारी आम्ही परत येऊन हातपाय धूत होतो तेव्हा बहिणीचा फोन आला. ती रडत होती, अण्णा रडत होते, मध्ये हिंदीचे हाल. अण्णा म्हणाले, "ताई, सब अच्छे से किया. कोई कमी नहीं रखी." ती म्हणाली, देव तुमचं भलं करो, मी निघते. काय केलं, हे तिनं विचारलं नाही. तिच्या मनात एकच रीत होती. आमच्या मनातही एकच होती.

ती पोचायच्या दिवशी सकाळी अण्णांनी रक्षा विहाराच्या अंगणात नेली आणि बोधिवृक्षाच्या नव्या रोपाच्या बुडाशी घालून वर घागरभर पाणी ओतलं. हा मान आजोबांनाही मिळाला नव्हता.

स्टेशनवर अण्णांनी नुसती तिची पिशवी हातात घेतली. मीच सांगितलं, आणि मला दुसरं काही सुचलं नाही म्हणून सरळ सांगितलं. तिनं दोनदा विचारलं, "जला दिया?" मग ती प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसली आणि कितीतरी वेळ खालमानेनं आपल्या चपलांकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर ती भावाच्या खोलीत गेली. भिंतीकडे बघितलं आणि ती चार अक्षरं बोटानं एकेक करून आम्हाला वाचून दाखवली. देवानं जगावर प्रीती केली. ते बायबलमधलं होतं. पलंगाखालच्या पेटीत, कपड्यांच्या तळाशी, एक लाकडी क्रूस निघाला. अण्णा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते.

रात्री भाकरी खाता खाता ती हिंदीत बोलली; अडेल तिथं मी दोन्हीकडचं समजावत होते. कुणाला दोष देत नव्हती, नुसतं सांगत होती. चीनच्या मधल्या मुलखात त्यांचं खेडं. तिथं प्रत्येक घरात एका फळीवर पूर्वजांच्या नावांच्या लाकडी पाट्या असत. त्यांच्यापुढं उदबत्ती, भात, आणि सणाला सगळ्या घरानं डोकं जमिनीला टेकवायचं. तिच्या आजोबांनी बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं तेव्हा चर्चच्या परदेशी पाळकानं सांगितलं, आधी त्या पाट्या बाहेर काढ. आजोबांनी अंगणात त्या जाळल्या, स्वतःच्या बापाचं नाव लिहिलेली शेवटी. त्यांचा थोरला भाऊ म्हणाला, तू परदेशी माणसाच्या भातासाठी बाप विकलास. दोघा भावांचं बोलणं संपलं ते मरेपर्यंत.

"मेल्या माणसापुढं डोकं टेकवणं आम्ही सोडलं," ती म्हणाली. "उदबत्ती सोडली, भात सोडला. फक्त कबर नाही सोडली. वसंत लागला की कबरीवर जायचं, गवत काढायचं, उभ्यानं एक गाणं म्हणायचं. आमच्याकडे पूर्वजांचं तेवढंच उरलंय." खुरपं त्यासाठी होतं.

मी हातातली भाकरी ताटात ठेवली. कारण माझ्या आजोबांनीही धर्मांतराच्या वर्षी देव्हाऱ्यातले देवांचे आणि पूर्वजांचे टाक टोपलीत भरून ओढ्याला सोडले होते, आणि त्यांची आत्या त्यांना म्हणाली होती, आईबापाला पाण्यात बुडवलंस. आमच्याकडे श्राद्ध नाही, पिंड नाही. सोडणं काय असतं, ते या घराला शिकवायची गरज नव्हती. दोन घरं एकाच भिंतीला पाठ लावून इतकी वर्षं राहिली आणि ही गोष्ट एकमेकांना सांगायची राहून गेली, याचं मला त्या रात्री फार दुःख झालं. आजही होतं.

अण्णांनी विचारलं, "पण ताई, तो बोलला कावून न्हाई?"

तिनं सांगितलं, आईबाप चीनहून कलकत्त्याला येऊन राहिले होते; लढाईच्या वर्षी तिथल्या त्यांच्या घराला बाहेरून कुलूप लागलं आणि आईबाप, ती आणि हा लहानगा भाऊ, सगळ्यांना आगगाडीनं राजस्थानातल्या एका छावणीत नेलं. चिनी म्हणून. तिथं त्यांचे वडील ओठ हलवत प्रार्थना करायचे, आवाज न काढता. पुढं कळलं, तिकडं चीनमध्येही चर्चना कुलपं लागली तेव्हा त्यांचे नातलग तसेच ओठ हलवत होते. छावणीतून सुटल्यावर वडिलांनी मुलांना सांगितलं, लोक तुम्हाला जे समजतील त्याला हो म्हणा, म्हणजे छप्पर राहील. "आता तिकडं आमच्या खेड्यात मोठं चर्च आहे," ती म्हणाली. "आत जागा नसते, लोक अंगणात स्टूल टाकून बसतात. त्यात आजोबांच्या त्या थोरल्या भावाची नातवंडंही आहेत. आणि माझा भाऊ इथं हो म्हणत राहिला."

दुसऱ्या दिवशी अण्णा सकाळीच विहाराच्या कमिटीकडे गेले. रोपाजवळ एक दगड बसवू, त्यावर डॉक्टरांचं नाव आणि क्रूस कोरू, असं त्यांनी मागितलं. कमिटीतले आता सगळे तरुण, शिकलेले. त्यांनी मान दिला, चहा दिला आणि नाही म्हणाले. एक जण म्हणाला, "अण्णा, आज क्रूस बसवला तर उद्या कुणी गणपती बसवा म्हणंल." मला राग आला, पण त्याचं चूक होतं असंही म्हणवेना. अण्णा म्हणाले, मग तिथली माती काढून तालुक्याच्या ख्रिस्ती कबरस्तानात नेऊ. यावर बहीणच नको म्हणाली. पाणी घातलंय, मुळं आहेत, त्यातला तो कुठला आणि रोप कुठलं, कसं निवडणार? झाड मारून भाऊ न्यायचा का?

ती एकटीच विहाराच्या अंगणात गेली. आम्ही मागं लांब उभे राहिलो. तिनं खुरपं काढलं, आळ्यातलं गवत काढलं, माती सारखी केली. मग उभी राहिली. आधी तिचे नुसते ओठ हलले. मग तिनं आवाज काढला, पातळ, म्हातारा, चिनी भाषेतलं गाणं, आणि ते चांगलं मोठ्यानं म्हटलं. विहारात झाडू मारणारी बाई थांबून ऐकत राहिली. तिनं डोकं टेकवलं नाही. अण्णांचे हात जोडण्यासाठी वर आले आणि अर्ध्यात थांबले. जोडलेले चालतील की नाही, त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ते धोतराला पुसले.

निघताना तिनं आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि अण्णांना म्हणाली, "तुम्ही त्याला घर दिलंत. कबर नाही म्हणून मी रडते, पण त्याहून जास्त या गोष्टीचं वाईट वाटतं, की तो तुम्हालाही भीत होता." ती हे प्रेमानं बोलली. अण्णांना मात्र ते असं लागलं, की गाडी सुटून गेल्यावरही ते स्टेशनवरच बसून राहिले.

घरी येताना रस्त्यात माझा स्वतःवरचा ताबा सुटला. मी म्हटलं, "अण्णा, उभा जन्म तो माणूस आपल्या ओसरीला राहिला. रोज तुमचा चहा त्याच्याबरोबर. एकदा, फक्त एकदा, विचारता आलं नाही, की बाबा, तू कुठल्या धर्माचा? एवढं कसं सुचलं नाही?"

अण्णा चालायचे थांबले. म्हणाले, "लातूरला शिकायला गेलतो तवा खोली बघाया एका घरी गेलो. बाई चांगली होती. पाणी दिलं, बस म्हन्ली. मंग इचारलं, कोण तुमी? मी सांगितलं. पानी पिलेला तांब्या तिनं माज्यासमोर राखेनं घासला." ते पुन्हा चालायला लागले. "तवाच ठरवलं व्हतं, आपल्या दारात आलेल्या माणसाला हे कदी इचारायचं न्हाई. तू कोण, म्हनून न्हाई इचारायचं. मला वाटायचं पोरी, मी त्याचा मान राखायलोय."