हँडलला हात न लावता : सातारा ते आष्टा

मंडळी, हल्ली ब्लॉगवर जो तो दुचाकी काढून लडाखला जाऊन येतो. मी लिहिणार आहे सातारा ते आष्टा. हसू नका. या प्रवासाला आम्हाला दोन दिवस लागले होते, आणि त्या दोन दिवसांवर माझी पुढची सगळी नोकरी उभी राहिली.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. माघाचे दिवस, उसाची तोड जोरात. एक दिवस आमचे आबा पोस्टातून घरी आले आणि उंबऱ्यातूनच म्हणाले, "नंबर लागला." घरात असा गलका झाला की शेजारच्यांना वाटलं माझं लग्न ठरलं. आबांनी फौजी कोट्यातून स्कूटरला नंबर लावला तेव्हा मी परकरात होते आणि साताऱ्यात स्कूटरचा कारखाना निघायचा होता. आता मी बी.एस्सी. होऊन घरात बसले होते. तो कारखाना निघाला नसता आणि असा भराभर वाढला नसता, तर आमचा नंबर माझ्या लेकीच्या लग्नात लागला असता.

पण गाडी चालवणार कोण? आबा रिटायर हवालदार. लढाईत उजव्या गुडघ्यात गोळी लागलेली, पाय वाकायचा तो निम्माच. स्कूटरची किक उजव्या पायाची, ब्रेकही उजव्या पायाचा. सगळे धरून चालले होते की गाडी माझा चुलतभाऊ दिनकरदादा चालवणार. दादा लगेच केस मागे वळवायला लागला.

आणि इकडे माझा जीव टांगणीला. सांगलीच्या एका मुलींच्या शाळेत मला विज्ञान शिकवायची नोकरी मिळत होती. जूनमध्ये हजर व्हायचं होतं. पण सकाळची एसटी आमच्या आष्ट्याला यायची ती भरून, पुष्कळदा थांबायचीच नाही. तरण्या पोरीनं रोज दारात लोंबकळत जायचं नाही, असं घरच्यांनी ठरवून टाकलं होतं. स्कूटर मिळाली तर नोकरी, नाहीतर लग्न. मी गुपचूप मैत्रिणीच्या डॉक्टर भावाची जुनी स्कूटर घेऊन पहाटे बाजाराच्या पटांगणात शिकले होते. त्या रात्री जेवताना मी ते सांगून टाकलं. आईच्या हातातला पळा तसाच राहिला. आबांनी ताटातली भाकरी संपवली आणि हात धुता धुता म्हणाले, "साताऱ्यास्नं तू चालवत आणायची. मी मागं बसणार. आणलीस तर गाडी तुझी, नोकरी बी तुझी. वाटंत माझा हात हँडलला लागला, तर किल्ली दिनकरला."

मला झोप कसली येते!

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं आम्ही निघालो. मी पदर घट्ट खोचून वरून आबांचा फौजी स्वेटर घातला होता. दिसत होते बुजगावण्यासारखी, पण थंडी मी म्हणत होती. साताऱ्याला उतरलो तर आबा म्हणाले, गाडी नंतर, आधी कारखाना बघू. जन्माला आली ते घर बघायला नको का?

तर मंडळी, त्या वेळची सातारची औद्योगिक वसाहत. आबांनी तो माळ पूर्वी पाहिलेला, नुसती कुसळं आणि मेंढरं. आता शेडला लागून शेड, मोठं फाटक, बाहेर चहाच्या टपऱ्यांची रांग. भोंगा झाला आणि फाटकातून खाकी कपड्यांतली पोरं सायकलींवरून अशी लोटली की रस्ता दिसेना. फाटकावरचा पहारेकरी निघाला आबांच्या पलटणीतला. दोघांनी आधी सलाम ठोकले आणि मग मिठी मारली. त्याच्या कृपेनं आम्हाला फाटकाच्या आत चार पावलं जाता आलं. कोऱ्या स्कूटरी ओळीनं उभ्या, निळ्या, पांढऱ्या, पिस्ता रंगाच्या, आणि ट्रकमध्ये चढत होत्या. पहारेकरी सांगत होता, पहिल्या साली दिवसभरात गाड्या निघायच्या त्या बोटावर मोजाव्यात, एक बाहेर पडली की आम्ही टाळ्या वाजवायचो. आता टाळ्या वाजवत बसलो तर हात सुजतील. नव्या शेडचा पाया खणत होते तोही त्यानं हौसेनं दाखवला, जणू त्याच्याच घराचा. त्याचा थोरला आत कामाला लागला होता. आता आमच्या भागातली पोरं मुंबईला पळत नाहीत, असं तो म्हणाला तेव्हा आबांनी त्याचा खांदा थोपटला. त्यांची सगळी भावंडं पोटासाठी गाव सोडून गेलेली. मला तर ते सगळं बघून अंगावर मूठभर मांस चढलं.

विक्रेत्याच्या आवारात आमची गाडी उभी होती. पिस्ता रंग. आबा नारळ कुठे फोडायचा, लिंबू कुठल्या चाकाखाली ठेवायचं यात गुंतले, आणि मेकॅनिक मला सगळं समजावत होता. पेट्रोलमध्ये तेल मिसळल्याशिवाय ही गाडी चालवायची नाही. नवी आहे तोवर तेल जास्त घालायचं. वेग चाळीसच्या आत, मध्ये मध्ये थांबून इंजिन गार करायचं. निळा धूर येणारच, त्याला घाबरू नका, धूर दिसतोय म्हणजे तेल पोचतंय. मी कान देऊन ऐकलं. आबांनी यातलं अक्षर ऐकलं नाही, हे लक्षात ठेवा.

आबा मागे बसले, हात स्वतःच्या मांड्यांवर. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. कोरेगावच्या रस्त्याला लागले आणि काय सांगू, मला ओरडावंसं वाटत होतं. बाजूला ऊस, हरभरा, समोर मोकळा रस्ता आणि माझ्या मुठीत ती गाडी. चाळीसच्या आत म्हणजे आम्हाला एसटी मागे टाकत होती, जीप टाकत होती, एकदा तर एका फटफटीवाल्यानं वळून वळून माझ्याकडे बघत आम्हाला मागे टाकलं आणि तो खड्ड्यात जाता जाता वाचला. आबांचं मागून चालूच, उंटावरून शेळ्या हाकणं. गिअर बदल. बैलगाडी हाय. हॉर्न दे. हात मात्र मांडीवरून हलला नाही.

तुम्ही या बाजूला याल तर कोरेगावच्या पुढे एखादं गुऱ्हाळ चालू दिसलं की थांबाच. आम्ही इंजिन गार करायला थांबलो आणि गरम काकवी भाकरीबरोबर खाल्ली. पैसे विचारले तर गुऱ्हाळवाला म्हणाला, गाडीला हात लावू द्या, झालं. सगळ्यांनी हात लावून घेतला.

ऊन कलताना रहिमतपूरला मामांच्या दारात पोचलो. मामा म्हणजे गावातली पहिली फटफटी घेणारा माणूस. ती जुनी, चांगली ढमढम वाजणारी गाडी ते पोरासारखी सांभाळत. भाची स्कूटर चालवत आली म्हणून त्यांनी अर्धी गल्ली गोळा केली. भरलं वांगं, बाजरीची भाकरी, वर शेवयांची खीर. पण मामांचं लक्ष धुराकडे. एवढी महागाची वस्तू आणि चुलीसारखा धूर टाकते, लोक काय म्हणतील, असं ते दोनदा पुटपुटले. मी जेवणात दंग होते.

सकाळी निघताना मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि हळूच सांगितलं, "तुझ्या गाडीच्या धुराचा बंदोबस्त केलाय बग मी. आता कुणी नाव ठेवायचं न्हाई." मला वाटलं, नळकांडं पुसलं असेल. टाकीही त्यांनी काठोकाठ भरून ठेवली होती, भाचीला आजोळची भेट म्हणून. मी वाकून नमस्कार केला.

मसूरचा रस्ता धरला. हा रस्ता आता गुळगुळीत आहे म्हणे, तेव्हा खडीचा होता आणि उसाच्या गाड्यांनी उखडलेला. तरी गाडी कशी पळत होती! आबा खुशीत होते. आष्ट्याच्या वेशीत दिवस मावळायच्या आत पोचायचं, हलगीवाले सांगून ठेवले होते. थोड्या वेळानं ते म्हणाले, आज गुडघ्याला बरा शेक मिळतोय. मी हसले. स्कूटरचं इंजिन उजव्या अंगाला, आबांच्या दुखऱ्या गुडघ्याखालीच. मग माझ्या डोक्यात आलं, काल तर त्यांनी शेकाचं नाव काढलं नव्हतं, काल दिवस तापलेला होता, आज अजून गारठा आहे. कान दिला तर आवाजही पातळ झालेला, भांड्यावर पळी घासावी तसा. आणि काल नाकात भरून राहिलेला तेलाचा वास कुठेच नव्हता. वळणावर मागे पाहिलं. रस्ता स्वच्छ. धूर नाही.

मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"चांगली लोण्यावानी चालली हाय," आबा म्हणाले. "कशाला थांबलीस? चल म्होरं."

"आबा, धूर येत न्हाई."

"मंग चांगलंच हाय की."

आता आली का पंचाईत! त्यांना वाटलं, पोरगी दमली आणि सबब सांगतेय. गाडी वाटेत बंद पडली तर दिनकरलाच बोलवावं लागंल, असंही त्यांनी ऐकवलं. हवालदाराचा हुकूम घरात कुणी मोडला नव्हता. किक मारून पुढे गेले असते तर आबा खूश, आणि गाडी मधेच जाम होऊन बसली असती तर नोकरीही गेली आणि ज्या गाडीसाठी इतकी वर्षं वाट पाहिली तीही गेली.

"मी एक किकसुद्धा मारणार न्हाई," मी म्हटलं, आणि टाकीचं झाकण उघडून आबांच्या पुढे धरलं. आबांनी वास घेतला. मामांचा बंदोबस्त टाकीत होता. त्यांची फटफटी निव्वळ पेट्रोलवर चालायची. आपल्या भाचीला कुणीतरी तेल मिसळून फसवलं असं वाटून त्या भल्या माणसानं सगळं काढून टाकलं होतं आणि शुद्ध पेट्रोल भरलं होतं. माया करावी ती आमच्या मामांनीच.

जवळच एका मळ्यात पाण्याचं इंजिन धकधकत होतं. मळ्याचा मालक, तात्या, बांधावर आला. मेकॅनिकनं सांगितलं होतं की अडचणीत इंजिनाचं साधं तेलही चालतं, आणि तात्यांकडे त्याचा डबाच होता. टाकीतलं पेट्रोल बादलीत काढलं, कपानं तेल मोजून घातलं, काठीनं ढवळलं, पदराच्या टोकातून गाळून परत टाकीत ओतायचं ठरलं. गाडी तिरकी धरावी लागत होती आणि माझी दमछाक होत होती. तात्या आबांना म्हणाले, "आवं पाव्हणं, जरा हँडल धरा की."

आबा परेडमध्ये उभे राहतात तसे, दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे होते. बोटं आत वळवळत असणार, मला दिसत नव्हती पण कळत होतं. म्हणाले, "न्हाई. शब्द दिलाय."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं आणि मुकाट्यानं स्वतः गाडी धरली. इंजिन गार होईस्तोवर त्यांच्या बायकोनं आम्हाला हुरडा दिला. मग मी किक मारली. पहिली फुकट, दुसरी फुकट, तिसरीला गाडी बोलली, आणि मागून निळा धूर निघाला. माझा जीव भांड्यात पडला. इतका सुंदर धूर मी जन्मात पाहिला नाही.

कराडला प्रीतिसंगमावर थांबलो. तुम्हीही थांबा, कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भेटतात ते बघत बसावं. आबा पाण्याकडे बघत बसले होते, माझ्याकडे न वळताच म्हणाले, "मी असतो तर गाडी जाळली असती, पोरी." एवढंच. शाबासकी नाही, काही नाही. पण पेठ नाक्यापर्यंत त्यांनी एकही हुकूम सोडला नाही, आणि आबांना गप्प बसवणं म्हणजे काय ते आमच्या आईला विचारा.

इस्लामपूर सोडलं तेव्हा ऊन उतरलं होतं. आष्ट्याच्या वेशीत हलगी कडाडत होती. आई ओवाळायला ताट घेऊन उभी, आणि दिनकरदादानं सांगलीहून फोटोग्राफर आणलेला. दादा मनाचा वाईट नव्हता. त्यालाच वाटलं, फोटोत आबा गाडीवर हवेत, हँडल धरून, त्यांच्या नावाची गाडी. चार लोकांनी आबांना पुढे ओढलं. आबा म्हणाले, "गाडी हिनं आणलीया. ती बसंल." आणि लंगडत जाऊन गाडीमागे उभे राहिले.

जूनमध्ये मी शाळेत हजर झाले. त्या पिस्ता गाडीवर मी वर्षानुवर्षं आष्टा-सांगली केलं. पुढे माझं लग्न झालं तेही सांगलीतच, आणि गाडी माझ्याबरोबर आली. कारखान्याच्या स्कूटरी मग इतक्या झाल्या की आमच्या गल्लीत उभ्या करायला जागा मिळेना, नंबर लावायचे दिवस कुणाला खरेही वाटेनात. आता तर तशी स्कूटर दिसली तरी लोक थांबून फोटो काढतात.

आमचा फोटो अजून भिंतीवर आहे. मी स्वेटरमध्ये, तोंडभर हसत, आणि मागे आबा ताठ, हात पाठीमागे. नवीन येणारा विचारतोच, हे असे कैद्यासारखे का उभे आहेत? सांगते सगळं. एक गोष्ट मात्र शेवटी सांगते. गाडी माझ्या माहेरी होती तोवर आबा रोज सकाळी, मी निघायच्या आधी, जुन्या बनियनच्या फडक्यानं ती पुसायचे. चाकं, मडगार्ड, सीट, स्टेपनीसुद्धा. मग फडकं माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "हँडल तेवढं तू पूस."