खिशावरची दोन भोकं

पर्वत पाटियाच्या नाक्यावर एका पोलिसाने माझा साड्यांचा टेम्पो अडवला, तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे नाही, शर्टाकडे पाहिलं. धंद्याची खोड. कापडाचा तागा घेताना मी आधी काठावरचा मिलचा छाप बघतो. छाप कापलेला असला की माल कितीही स्वस्त असो, घेत नाही. त्याच्या खिशावर नावाची पट्टी नव्हती, पिनेची दोन भोकं मात्र ताजी दिसत होती.

लायसन्स देऊन मी विचारलं, "साहेब, नावाची पट्टी कुठंय?"

"धुवायला दिलीय, काका."

"शर्ट अंगात आणि पट्टी धुवायला?" माझा आवाज चढला.

लायसन्स खिशात घालून तो म्हणाला, "चौकीत या."

चौकीत गेलो तर तो दिसला नाही. टेबलामागच्या हवालदाराने विचारलं, "लायसन्स कोणी घेतलं? नाव सांगा."

"तेच तर लावलं नव्हतं."

"मग तक्रार कोणाविरुद्ध लिहू, काका?"

मागे कोणीतरी हसलं. वळून पाहिलं, तर उभ्या असलेल्या तिन्ही पोलिसांच्या खिशावर पट्टी नव्हती.

ते लायसन्स मिळालंच नाही, दुसरं काढावं लागलं. आता कोणी अडवलं की मी पट्टीवरचं नाव मोठ्याने वाचतो आणि मगच कागद काढतो.